फिल्टर जळेपर्यंत थांबायचं नाही

कर्जतला लोक कशाला जातात हे मला माहीत आहे. कुणी डोंगर चढायला जातात, कुणी दुसऱ्याच्या फार्महाऊसवर दोन दिवस फुकट राहायला जातात, आणि पुण्याहून मुंबईला निघालेले वडा खायला फलाटावर उतरतात. मी एका इंजिनासाठी गेलो. दीड लिटर, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, कॉमन रेल, टर्बो डिझेल. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. धबधब्यांबद्दल यात काही मिळणार नाही, कारण मी जानेवारीत गेलो होतो.

आधी माझी लायकी सांगतो. मी मिरजेचा, सरकारी नोकरीतून निवृत्त. माझ्याकडे एक स्कूटर आहे. पण मोटारींची माहितीपत्रकं वाचायचा मला नाद आहे. लग्नाच्या पंगतीत कुणी नवी गाडी घेतल्याचं बोललं की तिचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, मी सांगतो, तोही इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो त्याच्यासकट. त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात मी इंजिनातला जाणकार समजला जातो. हे खरं का, असं कुणी माझ्या तोंडावर विचारलेलं नाही, म्हणून मीही खुलासा केलेला नाही.

माझी थोरली बहीण कर्जतजवळ दहिवलीला दिलेली आहे. तिचा फोन आला. म्हणाली, दत्ता, तू ये, हे गाडी विकायला निघालेत. पुढे काही बोलली नाही. ताई फोनवर रडत नाही, गप्प बसते, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली.

दहिवली, शुक्रवार

दहिवलीला आता इमारती झाल्या आहेत, पण ताईचं घर जुन्या आळीत आहे. मागच्या दाराला लागून शेत सुरू होतं. भात कापून झालं होतं आणि त्याच ओलीवर वाल पेरलेले होते. आमच्याकडे जानेवारीत ऊस तुटत असतो, सगळीकडे ट्रॅक्टर आणि धुरळा. इथे सगळं खाली बसलेलं, हिरवं आणि शांत. समोर माथेरानचा डोंगर, आणि अंगणात चिंचेखाली पांढरी गाडी. तिच्या बॉनेटवर गोधडी घातलेली होती.

गोधडी दाजींनी घातली होती. दाजी म्हणजे ताईचे यजमान. खोपोलीच्या कारखान्यात नोकरी आणि घरची भातशेती असं दोन्ही करून ते आता घरी बसले आहेत. थंडीत इंजिन गारठतं, असं त्यांचं मत. गाडी ते अशी जपतात की बघणाऱ्याला संकोच वाटावा. दीड हजार फेऱ्यांच्या वर काटा जाऊ देत नाहीत. उन्हात चालवत नाहीत. घर ते स्टेशन, घर ते शेत, घर ते देऊळ, एवढाच तिचा संसार. कुठेही क्षणभर थांबले की इंजिन बंद करतात.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट होती. मी भाकरीला हात लावला तेव्हा ती फाटली. आमच्या ज्वारीच्या भाकरीला जसं धरतो तसं हिला धरून चालत नाही. जेवता जेवता हकिगत कळली.

ताई पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. आळीत पहिली. तोवर तिला कुठे जायचं तर कुणीतरी न्यावं लागे. दाजींना वेळ असेल तेव्हा दाजी, नाहीतर भाचा, नाहीतर नाहीच. खालापूरला तिची मुलगी मनीषा राहते. तिथे जायचं म्हणजे ताई चार दिवस आधी विषय काढून ठेवायची. गाडी आल्यावर ती फक्त 'जाऊन येते' म्हणायची आणि जायची. हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. मला वाटलं, आपली बहीण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला न विचारता घराबाहेर पडते आहे, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नाही.

मग गेल्या महिन्यात शिळफाट्याला, ऐन बाजारात, गाडी बसली. काट्यांशेजारचा पिवळा दिवा लुकलुकला, दम गेला, आणि मागे खोपोलीपर्यंत रांग लागली. स्टीअरिंगवर ताई होती. ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांनी दहिवलीला येऊन सांगितलं, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी जास्त सांगितलं. निकाल एकच लागला, बाईमाणसाच्या हातात गेली म्हणून इंजिन खराब झालं. वर्कशॉपवाल्यांनी धुराड्यातला फिल्टर साफ करून दिला आणि बजावलं की पुन्हा असं झालं तर फिल्टरच बदलावा लागेल.

आणि या आठवड्यात पिवळा दिवा पुन्हा लागला होता.

दाजींचे मावसभाऊ बाळारामशेठ नेरळला असतात. त्यांचा या गाडीवर पहिल्यापासून डोळा. दाजींनी त्यांना शब्द देऊन टाकला होता, रविवार संध्याकाळपर्यंत दिवा गेला नाही तर सोमवारी येऊन गाडी घेऊन जा. त्या भागात दिलेला शब्द कुणी मागे घेत नाही. घेतला तर पुढच्या सगळ्या लग्नांत ऐकावं लागतं.

जेवण झाल्यावर मी गाडीखाली गेलो. खाली काहीच दिसलं नाही, पण सदरा कशात तरी अडकला आणि घरच्यांना मला पाय धरून बाहेर ओढावं लागलं. तरी माझा मान वाढला. जाणकार माणूस खाली गेल्याचं आळीनं पाहिलं होतं.

कर्जत ते शिळफाटा, शनिवार

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे इंजिन दणकट आहे. एकशे पंधरा अश्वशक्ती, अडीचशे न्यूटन मीटर टॉर्क, आणि तो दीड हजार फेऱ्यांपासून पावणेतीन हजारांपर्यंत सलग. म्हणजे भरलेल्या गाडीनं चढ चढतानाही गिअर बदलायची घाई नाही. वेळेवर तेल बदललं आणि लांबून पळून आल्यावर बंद करण्याआधी टर्बोला मिनिटभर दम घेऊ दिला, तर दोन लाख किलोमीटर सहज जाईल.

फक्त हल्लीच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात एक फिल्टर असतो. तो काजळी अडवतो. काजळी साठली की इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडून ती आपली आपण जाळून टाकतं. त्याला दोनच गोष्टी लागतात. गाडी चांगली तापलेली हवी, आणि ती पंधरा-वीस मिनिटं न थांबता बऱ्या वेगानं पळायला हवी. मध्येच बंद केली तर काजळी अर्धी तशीच राहते, आणि जास्तीचं डिझेल इंजिनच्या तेलात उतरतं. तसं वारंवार झालं की पिवळा दिवा लागतो. तो लागला तरी आशा असते, नीट पळवली तर विझतो. लुकलुकायला लागला की मात्र वर्कशॉप.

तेव्हा उपाय सोपा होता. कर्जतहून पळसदरीवरून खोपोली, शिळफाट्याला जुन्या महामार्गाला लागायचं, खालापूरवरून चौकपर्यंत न थांबता पळायचं. मी हे सांगितल्यावर दाजी म्हणाले, मीच चालवतो. ताई मागे बसली.

पहिल्यांदा आम्ही घरापासून हाकेच्या अंतरावर थांबलो. शेंगांचं पोतं घेऊन एक आजी उभ्या होत्या. मग दाजींचे एक कारखान्यातले दोस्त. मग पळसदरीच्या अलीकडे देवदर्शनाला निघालेलं एक जोडपं. ते जोडपं उतरल्यावर आणखी एक गृहस्थ, त्यांना कुठेच जायचं नव्हतं, पण दाजी थांबले म्हणून ते बोलायला आले. प्रत्येक वेळी दाजी इंजिन बंद करत. चालू इंजिनावर माणसाशी बोलणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं.

आमच्या मिरजेत ओळखीचा माणूस रस्त्यात उभा दिसला तर गाडीवाला आभाळाकडे बघतो, आणि उभा असलेलाही समजून घेऊन चपलेकडे बघतो. त्यात कुणाचा कुणावर राग नसतो. कर्जत-खोपोली रस्त्यावर हे चालत नाही. गाडीत जागा असताना ओळखीच्या माणसाला मागे टाकून गेलात, तर तो घरी पोचायच्या आत ती गोष्ट तुमच्या घरी पोचते. मला ही रीत फार आवडली. चार किलोमीटरनंतर मला तिची काळजी वाटायला लागली.

खोपोलीच्या अलीकडे दाजींनी पुन्हा एकदा गाडी बंद केली, तेव्हा मला ऐकू आलं. इंजिन बंद, पण पुढचा पंखा जोरात फिरत होता, आणि तापलेल्या लोखंडाचा वास आला. त्याआधी काटाही जरा वर होता. फिल्टर जळायला सुरुवात झाली होती आणि दाजींनी तो अर्ध्यात विझवला होता. मी विचारलं, हा पंखा असा नेहमी फिरतो का? दाजी मायेनं म्हणाले, फिरतो ना, दमते बिचारी.

मग मी तेलाची पट्टी काढून बघितली. तेल खुणेच्या बरंच वर होतं. दाजींना ते ठाऊक होतं. खाचरातलं पाणी बघावं तशी ते रोज सकाळी पट्टी बघत आणि तेल चढलेलं पाहून समाधान पावत. त्यांनी ही गोष्ट आळीत कौतुकानं सांगितलीही होती. दुसऱ्यांच्या गाड्या तेल खातात, आपली वाढवते.

खोपोलीतल्या एका गॅरेजात आम्ही ते तेल काढून नवं भरलं. काढलेलं तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि त्याला डिझेलचा वास होता. दाजींनी बोट बुडवलं, वास घेतला, आणि चौकचा बेत सोडून गाडी घराकडे वळवली. थांबले मात्र सगळ्यांसाठी. दिवा तसाच होता.

वालाच्या शेतात, शनिवारची संध्याकाळ

त्या दिवशी पोपटी होती. पोपटी म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला माहीत नाही, म्हणून सांगतो. मडक्यात तळाशी भांबुर्डा नावाच्या रानझुडपाचा वासाचा पाला घालतात. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ. तोंड पुन्हा पाल्यानं बंद करून मडकं शेतातच उलटं ठेवतात आणि भोवती पेंढा पेटवतात. पाण्याचा थेंब नाही. पाल्याचा वास शेंगांत उतरतो. आमच्या हुरड्यापेक्षा हे चांगलं आहे असं मी मिरजेत राहून म्हणू शकत नाही, म्हणून इथे लिहितो.

मडकं उघडेपर्यंत बोलणं निघालं. मी दाजींना नीट समजावलं की गाडी ताईमुळे बसली नाही. जवळच्या जवळ फिरवून, हळू चालवून आणि सारखी बंद करून ती कोंदटली आहे. शिळफाट्याला ताईच्या हातात बसली एवढंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एका शेंगेचे दाणे काढून माझ्या हातावर ठेवले.

"समजा तुमी म्हणताव तसंच हाय," ते म्हणाले. "पन दत्ताभाऊ, जी गाडी मानसासाठी थांबली म्हनून बिघडते, ती घरात ठेवायची कशाला? आमी थांबणारी मानसं हाव."

माहितीपत्रकात यावर काही दिलेलं नसतं. ताई विस्तवाच्या पलीकडे बसली होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, उद्या सकाळी गाडी मी चालवते, चालेल का? दाजी म्हणाले, चालव. उद्या मला साखरपुड्याला जायचं हाय, मी टेंपोनं जाईन. संध्याकाळपर्यंत गाडी तुझी.

मी घाईनं बटाटा तोंडात टाकला आणि जीभ भाजली. पुढचे दोन दिवस मला चव कळली नाही.

खालापूरचा रस्ता, रविवार

आम्ही दोघंच निघालो. ताईनं साडीचा पदर खोचला, सीट पुढे घेतली, आरसा खाली केला. मिरजेला असताना तिला सायकलसुद्धा येत नव्हती. कर्जतच्या बाहेर पडेपर्यंत तीन ओळखीची माणसं दिसली. तिघांनाही तिनं हात केला आणि काच खाली करून सांगितलं, येताना थांबते. तिसऱ्यानं मान फिरवली. ताईचे कान लाल झाले, पण पाय ढळला नाही.

शिळफाट्याला मात्र जिथे गाडी बसली होती तिथेच सिग्नलसारखी गर्दी लागली. भाजीवाले, रिक्षा, मध्येच उभी असलेली एसटी. एक पानवाला ताईला ओळखून शेजारच्याला काहीतरी सांगत होता. ताई समोर बघत राहिली. मी तिला धीर द्यायला टॉर्कचे आकडे सांगितले. ती म्हणाली, दत्ता, जरा गप्प बस.

महामार्गाला लागल्यावर तिनं गाडी सोडली. चौथा गिअर, सत्तरचा वेग, काटा दोन हजारांच्या वर. या इंजिनानं चार वर्षांत हा काटा क्वचितच पाहिला असेल. आवाज भरदार झाला. उजवीकडे डोंगरांची रांग आणि खाली कापलेली शेतं भराभर मागे जात होती. खालापूरचा फाटा गेला. मनीषाच्या घराकडे ताईनं एकदा पाहिलं आणि पुढे गेली. तेवढ्यात समोरच्या पडद्यावर ॲव्हरेजचा आकडा एकदम खाली आला. जास्तीचं डिझेल जायला लागलं होतं.

मी म्हणालो, ताई, लागलं. आता थांबायचं नाही.

तिनं मान हलवली. आम्ही दोघंही दिव्याकडे बघत होतो. देवघरातल्या दिव्याकडे लोक तो विझू नये म्हणून बघतात, आम्ही विझावा म्हणून बघत होतो.

पुढे डाव्या हाताला एक मंगल कार्यालय आहे. फाटकाशी मांडव, बाहेर उभे असलेले पाहुणे, आणि त्यांच्यापुढे, अगदी रस्त्याच्या कडेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घातलेले, हातात नारळाची पिशवी घेतलेले दाजी. साखरपुडा आटोपला असावा. त्यांना लांबूनच आपली गाडी दिसली. चेहरा खुलला. शेजारच्या दोघांना त्यांनी काहीतरी सांगितलं आणि हात वर केला. ते दोघंही सोबत येणार होते हे उघड होतं.

मी थांब म्हणालो. खोटं कशाला बोलू, मिरजेत आम्ही आभाळाकडे बघतो, पण बहिणीच्या नवऱ्याला भर रस्त्यात, चारचौघांत सोडून जाण्याइतके आम्हीही पुढे गेलेलो नाही.

"आता थांबले तर उद्या बाळारामभावोजी गाडी नेतील," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. तिनं दाजींकडे पाहिलं, दाजींनी तिच्याकडे पाहिलं, आणि सत्तरच्या वेगानं आम्ही त्यांच्या समोरून निघून गेलो. आरशात मला त्यांचा हात बराच वेळ वर दिसला.

मग पर्समधला फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. ताईचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत, कारण दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. चौक जवळ आलं तेव्हा ॲव्हरेजचा आकडा हळूहळू वर आला आणि पिवळा दिवा गेला. कसलाही आवाज झाला नाही. मी दोनदा डोळे चोळून पाहिलं.

ताईनं गाडी कडेला घेतली. टर्बोसाठी मिनिटभर इंजिन चालू ठेवलं, मग बंद केलं. पंखा फिरला नाही. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, चल, त्यांना घेऊन येऊ.

आम्ही मंगल कार्यालयाशी परत आलो तेव्हा दाजी तिथे नव्हते. त्यांना त्यांच्याच आळीतल्या टेंपोवाल्यानं नेलं होतं. त्या रस्त्यावर उभा असलेला माणूस फार वेळ उभा राहत नाही. येताना ताईनं सकाळचा शब्द पाळला आणि दिसेल त्याच्यासाठी थांबली. खोपोलीच्या पुढे आमच्या गाडीत बसायला जागा उरली नव्हती.

घरी पोचलो तर ओट्यावर माणसं. टेंपोवाला, शेजारचे दोघं, दाजींच्या चुलत वहिनी. बातमी कधीच येऊन बसली होती. टेंपोवाला हसत म्हणाला, "काय वैनी, नवऱ्याला खालापुरात टाकून आलाव?" कुणी हसलं, कुणी हसलं नाही. चुलत वहिनींनी तोंडाला पदर लावला. दाजी मध्ये बसले होते, नारळाची पिशवी मांडीवर.

"दिवा?" त्यांनी विचारलं.

"गेला," ताई म्हणाली.

दाजींनी खिशातून फोन काढला आणि सगळ्यांसमोर बाळारामशेठला लावला. पलीकडून त्यांचा आवाज आम्हालाही येत होता. ते सोमवारी किती वाजता येऊ म्हणून विचारत होते.

"येऊ नको रं," दाजी म्हणाले. "मी हात वर करून उभा व्हतो. तिनं बघितलं, आन् गेली. पस्तीस वर्सांत तिला कवा काय मागताना बघितलं नाय मी. ज्या बाईनं माला सोडलं पन गाडी सोडली नाय, तिची गाडी इकून मी र्‍हाऊ कुटं?"

पलीकडचा आवाज शब्दाबद्दल काहीतरी बोलू लागला. दाजींनी फोन कानापासून दूर धरला, ओट्यावरून उठून पायरी उतरले आणि तो ताईच्या हातात दिला.

"तिची हाय," ते म्हणाले. "तिलाच इचार."

ताईनं फोन कानाला लावला. ओट्यावरचे सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "नाय देत, भावोजी."